पंकची मुळं शोधायची आहेत? एका शर्टापासून सुरुवात करा

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातली रॉक संगीताची आणि पेहरावाची बंडखोर लाट, म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो डोक्यावरचा उभा रंगीत तुरा, काळं चामडी जाकीट, सेफ्टी पिना आणि मार्गारेट थॅचर यांच्या नावाने शिमगा. आता तारखा पाहा. थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या मे 1979 मध्ये. पंकचा गाजलेला बँड सेक्स पिस्टल्स, त्याचा पहिला कार्यक्रम झाला 6 नोव्हेंबर 1975 ला, लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात, आणि जानेवारी 1978 मध्ये बँड फुटलासुद्धा. म्हणजे तो सगळा धुमाकूळ मजूर पक्षाच्या राजवटीतला! तुराही बहुतांशी नंतरचा; 1976 च्या फोटोंत दिसतात ते वेडेवाकडे कापलेले आखूड केस.

म्हणून पहिलं काम: वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कपडे, उजवीकडे राजकारण. डावीकडे लिहा 430, किंग्ज रोड, चेल्सी. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन यांचं हे कपड्यांचं दुकान. 1971 मध्ये ते ‘लेट इट रॉक’ होतं, 1974 मध्ये ‘सेक्स’ झालं, 1976 च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’. उजवीकडे 1974 च्या सुरुवातीचा, वीज वाचवण्यासाठी लादलेला तीन दिवसांचा कामाचा आठवडा, ऑगस्ट 1976 ची लंडनच्या नॉटिंग हिलमधली दंगल, त्याच वर्षी ब्रिटनने कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे पसरलेला हात, जून 1977 चा राणीचा रौप्यमहोत्सव. ‘बेकारीमुळे पंक जन्मलं’ असं वाक्य लिहिण्याआधी दोन्ही रकाने ताडून बघा. रबर आणि चामड्याचे कपडे त्या दुकानात बँड उभा राहण्याआधीच विकले जात होते.

मग एकच कपडा निवडा. मी ‘अ‍ॅनार्की’ शर्ट सुचवेन. जुने, न खपलेले शर्ट घेऊन त्यांवर रंगाचे पट्टे ओढलेले, घोषणा छापलेल्या आणि कार्ल मार्क्सचा चेहरा असलेला तुकडा शिवलेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर वेस्टवुड-मॅक्लॅरन यांचे कपडे घरबसल्या पाहता येतात. नुसते पाहू नका, प्रश्न विचारा. शिवला कोणी? घोषणा कुठून आली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकत घेणं कोणाला परवडत होतं? या दुकानातला माल स्वस्त नव्हता. बेकार पोरापोरींनी घरचाच शर्ट फाडला, त्यावर रंगाने लिहिलं, पिना टोचल्या. दुकानातलं पंक आणि घरातलं पंक वेगळं ठेवलंत की निम्मा गोंधळ मिटतो.

याच दुकानातल्या ‘डिस्ट्रॉय’ शर्टावर मात्र थांबावंच लागतं. त्यावर स्वस्तिक आहे, नाझींचं. ते फक्त चिडवण्यासाठी होतं असं म्हणून पुढे जाऊ नका, आणि घालणारे सगळे नाझी होते असंही ठरवू नका. 30 एप्रिल 1978 ला ट्रॅफल्गर चौकातून निघालेला वंशवादविरोधी मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला, तेव्हा तिथे वाजवायला द क्लॅश आणि एक्स-रे स्पेक्स हे पंक बँड होते, जमैकन वळणाचं रेगे वाजवणारे स्टील पल्सही. एकाच चळवळीत हे दोन्ही होतं. विसंगती मिटवू नका, नोंदवा.

एक धागा अटलांटिकपार जातो. मॅक्लॅरन 1975 मध्ये न्यूयॉर्कला होता आणि तिथला रॉक गायक रिचर्ड हेल याचे फाटके शर्ट व ताठ उभे केस त्याने तिथेच पाहिले. तेव्हा त्या शहराचंही दिवाळं निघायच्या बेतात होतं, पण तिथलं राजकारण वेगळं. त्यासाठी तिसरा रकाना करा.

आता साधनं. आठवणींपेक्षा त्या वेळचा कागद बरा. जुलै 1976 मध्ये मार्क पेरीने सुरू केलेलं ‘स्निफिन ग्लू’ हे फोटोकॉपी केलेलं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेलं मासिक, वाचा. आपल्याकडच्या साठोत्तरी सायक्लोस्टाइल लघुअनियतकालिकांची ज्यांना सवय आहे त्यांना ती घाई आणि तो ओबडधोबडपणा ओळखीचा वाटेल. मुलाखती वाचताना त्या कोणत्या वर्षी दिल्या ते आधी बघा. सगळं आपणच घडवून आणलं असं मॅक्लॅरन नंतर सांगत राहिला; सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडनला ते अजिबात मान्य नव्हतं आणि दोघांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं.

आणि लिलावातला ‘अस्सल’ शर्ट पुरावा म्हणून धरू नका. हीच चित्रं पुढे इतरांनीही छापून विकली. तोच छाप, तीच शिवण असलेला कपडा कोणीतरी अंगात घातलाय असा 1976-77 चा तारखेसह फोटो मिळाला, तरच त्याला वहीत जागा द्या.