अंगणातलं पिवळ्या फुलांचं झाड नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं?

आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूला एक मोठं झाड आयतंच मिळालं, एप्रिलमध्ये ते पिवळंधमक झालं आणि माळीदादा, शेजारच्या काकू, फॅमिली ग्रुप सगळ्यांनी मिळून त्याला बहावा ठरवून टाकलं. मीपण वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने बहावाच सांगत होतो. निघाला सोनमोहर!

तर पहिलं काम, फूल बाजूला ठेवा आणि पान बघा. आता पान म्हणजे नेमकं कुठपर्यंत, इथेच बऱ्याच जणांची गडबड होते. कडुलिंबाचं आपण जे एकेक पान म्हणतो ना, ती खरं तर पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीकसा कोंब दिसतो, तो सापडला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान, पर्णिकेच्या बुडाशी असा कोंब नसतो. पडलेलं पान चालेल पण अख्खं पाहिजे.

बहाव्याच्या एका देठावर समोरासमोर साधारण चार ते आठ जोड्या, पर्णिका चांगल्या बोटभर लांब किंवा त्याहून मोठ्या. काशिद, म्हणजे आणखी एक पिवळ्या फुलांचं झाड, त्याच्या पानाची मांडणी पण तशीच, फक्त पर्णिका लहान आणि टोकाला गोलसर. सोनमोहरचं पान मात्र गुलमोहरासारखं, देठाला उपदेठ आणि त्यावर चिंचेच्या पाल्यासारख्या बारीक टिकल्या. आमच्या अंगणात हाच पाला रोज झाडला जात होता, बघितला कुणीच नाही.

मग फुलं. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, सोनमोहर आणि काशिदचे तुरे वर उभे. सोनमोहरच्या कळ्या गंजाच्या रंगाच्या, हाताला मखमली लागतात आणि पाकळ्या इस्त्री न केलेल्या कापडासारख्या चुरगळलेल्या.

अ‍ॅप वापरायचं तर वापरा, पण मी लांबून काढलेला पिवळा ढग टाकला तर तीन वेळा तीन नावं आली. अख्खं पान पेपरवर ठेवून शेजारी पाच रुपयाचं नाणं, कळी, फूल जवळून, खोड, असे वेगवेगळे फोटो द्या. चाखून वगैरे बघू नका हं, पिवळ्या फुलांची बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, पूर्ण विषारी असते, तिचा पांढरा चीकसुद्धा.

तरी शंका राहिली तर शेंगांची वाट बघा. बहाव्याची शेंग गोल नळीसारखी, काळपट, दीड-दोन फूट लांब. काशिदची पातळ, चपटी, वीतभर. सोनमोहरची बोटाएवढी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती आणि रंग अगदी तांब्याच्या भांड्यासारखा. मी अशा मूठभर शेंगा माळीदादांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, "बहाव्याचीच वेगळी जात असंल ही."