शाश्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना जाताना: तरुणांसाठी

संयुक्त राष्ट्रांच्या वाटाघाटींना जायचे म्हटले की आधी विमानाचे तिकीट शोधले जाते; शोधायला हवी ती प्रवेशाची वाट. तिथे स्वतःच्या नावावर कोणालाही नोंदणी करता येत नाही. एक तर देशाच्या शिष्टमंडळातून जावे लागते, काही देश त्यासाठी युवा प्रतिनिधी निवडतात. नाहीतर मान्यताप्राप्त संस्थेने निरीक्षक म्हणून आपले नाव पाठवावे लागते. १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘अजेंडा २१’ने जे नऊ प्रमुख समाजगट मानले, त्यांत मुले व युवक हा एक आहे, आणि हवामान परिषदांत युवा संस्थांचा ‘यंगो’ हा गट आहे. या गटांशी आधी संपर्क साधावा, कारण संस्थांना मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि व्हिसाला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट उशिरा पोहोचण्याची. दर जुलैमध्ये न्यूयॉर्कला शाश्वत विकासाचा आढावा घेणारा संयुक्त राष्ट्रांचा उच्चस्तरीय राजकीय मंच भरतो खरा. पण त्याच्या घोषणापत्रावरची घासाघीस बहुतांशी आधीच्या आठवड्यांतच उरकलेली असते. त्यामुळे एखादे वाक्य बदलून हवे असेल, तर ते आपल्या देशाच्या संबंधित मंत्रालयाकडे मसुदा कच्चा असतानाच लेखी पाठवावे. शाश्वत विकासाची उद्दिष्टे १७ आणि लक्ष्ये १६९. या सगळ्यांवर बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, म्हणून विषयपत्रिकेतील एकच मुद्दा धरावा.

मग मसुदा वाचायला शिकावे. त्यातील चौकोनी कंस म्हणजे अजून एकमत न झालेला मजकूर. रोज कोणता कंस गेला आणि कोणता नवा आला, याची समासात तारखेसह नोंद ठेवावी. क्रियापदांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. हवामानबदलावरील पॅरिस कराराच्या वाटाघाटींच्या अखेरच्या दिवशी, १२ डिसेंबर २०१५ रोजी, चौथ्या कलमात विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीबाबत ‘शॅल’ हा बंधनकारक शब्द आला होता. अमेरिकेने हरकत घेतली, आणि शेवटी तांत्रिक दुरुस्ती म्हणून तिथे ‘शुड’ हा सौम्य शब्द आला. एका शब्दापायी अख्खा करार खोळंबला होता. ‘आवाहन करते’ आणि ‘निर्णय घेते’ यांतही असेच अंतर असते, म्हणून आपली सूचना मांडताना भाषणाऐवजी पर्यायी क्रियापदासह पूर्ण वाक्य तयार ठेवावे.

प्रत्यक्ष दालनात निरीक्षकाला बहुधा शेवटी, वेळ उरला तरच बोलता येते, तेही दोन-तीन मिनिटे. अनौपचारिक बैठकांत दुभाषे सहसा नसतात आणि काम इंग्रजीत चालते. एखाद्या पक्षाने, म्हणजे करारात सहभागी देशाने, हरकत घेतली तर निरीक्षकाला बाहेर पडावे लागते. तिथे वाद घालू नये. कोण काय बोलले हे नावानिशी समाजमाध्यमांवर टाकणे टाळावे, कारण एकदा विश्वास गेला की कोणताही प्रतिनिधी पुन्हा आपल्याशी बोलत नाही. (घोषणाफलक घेऊन उभे राहायचे असल्यास सचिवालयाची परवानगी आधी लागते, हे नवख्यांना फार उशिरा कळते.)

खरे बोलणे बाहेरच्या मार्गिकेत होते. बैठक संपताच प्रतिनिधीला गाठून, ओळख एका वाक्यात आटोपून, सुचवलेल्या वाक्याचा छापील कागद हातात द्यावा. त्यावर परिच्छेदाचा क्रमांक आणि आपला ईमेल असावा.