रहाडीत धप्पा मारायचाय? मग आधी हे वाचा

नाशकात पहिल्यांदाच होळी साजरी करणाऱ्यांची एक गंमत होते. धुळवडीला सकाळीच पिचकारी घेऊन बाहेर पडतात आणि जुन्या गावात रंगच सापडत नाही! धुळवडीला आमच्याकडे वीर, म्हणजे देवघरातले पूर्वजांचे टाक, मिरवतात. रंगाचा दिवस रंगपंचमी, फाल्गुन वद्य पंचमी. आणि खरा रंग रहाडीत.

रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा हौद, भर चौकात, रस्त्याच्या पोटात. वर्षभर वर लाकडं, त्यावर माती, आणि त्यावरून रहदारी चालू. पंचमीच्या आधी गल्लीतली मंडळी तो उकरून साफ करतात. ते काम बघायला जमलं तर जा, पंचमीला गर्दीत हौद कसा आहे हे दिसतच नाही.

रहाड निवडताना रंग बघा. पंचवटीत शनी चौकात गुलाबी, तिवंधा चौकात पिवळा, दिल्ली दरवाज्याला केशरी. मी तिवंधावाला, त्यामुळे माझं मत विचारूच नका. पोरं एका संध्याकाळी तिन्हीकडे उड्या मारून येतात. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात चेहऱ्याचा रंग कोणता, हे त्यांनाही सांगता येत नाही. पाण्यातला रंग चांगलाच चढतो, म्हणून निघण्यापूर्वी अंगाला आणि केसांना खोबरेल तेल चोपडा. जीन्स नको, भिजली की काठावर चढताना पाय उचलत नाही. जुनी हाफ पँट बरी. मोबाइल, चष्मा, अंगठी घरीच.

दुपारी रहाडीची पूजा होते. त्याआधी कुणी पाण्यात उतरत नाही, तुम्हीही घाई करू नका. नंतर धप्पे सुरू. धप्पा म्हणजे सूर नव्हे! डोकं खाली घालून उडी मारलीत तर काठावरची माणसंच ओरडतील. पाय पोटाशी घ्या, बसल्यासारखं पडा, म्हणजे पाणी चारी बाजूंनी उडून बघ्यांना भिजवतं. सगळी मजा त्यातच. आधीचा माणूस बाहेर आला का, ते बघूनच उडी घ्या, आणि पडल्या पडल्या काठ गाठा. वरून हात येतात, मनगटाला धरून ओढून घेतात. ओळख लागत नाही. पोहता येत नसेल तर काठावर उभे राहा, तिथेही कोरडं कुणी राहत नाही. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, हे त्या गल्लीतच आदल्या दिवशी विचारून ठेवा.

गाडी गावात आणू नका. रविवार कारंज्याला उतरून चालत या. तिवंध्याला आलात तर बुधा हलवाईची गरम जिलबी घ्या, ओल्या अंगाने रांगेत उभं राहायची लाज तिथे कुणालाच वाटत नाही. परतीला मात्र रिक्षावाले रंगलेलं गिऱ्हाईक बघून मान वळवतात. पिशवीत एक जुनी चादर ठेवा, सीटवर अंथरतो म्हटलं की बहुतेक जण थांबतात.