पॉर्नच्या सवयीतून बाहेर पडायचंय: कन्फेशनला कसं जावं आणि पुढे काय करावं

आपल्या कॅथलिक घरांत दारूबद्दल बोललं जातं, कर्जाबद्दल बोललं जातं. पॉर्नचा विषय निघाला की सगळे गप्प. ऐरोली किंवा महाप्याच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट संपवून आलेला नवरा, बाजूला बायको-मूल झोपलेलं असताना चादरीखाली मोबाइल उघडतो. रविवारी मिस्सेत सगळे ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत उभे राहिले की तो मागच्या बाकावर बसून राहतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. बायकांनाही ही सवय लागते, त्यामुळे तिच्यासाठीही.

आधी पाप कशाला म्हणतात ते नीट समजून घ्या

शरीर घाणेरडं आहे, असं चर्च कधीच शिकवत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा 2354 वा परिच्छेद वाचा. नवरा-बायकोच्या एकांतातली गोष्ट तिऱ्हाइतांसमोर मांडली जाते, आणि त्यात काम करणारे, विकणारे, पाहणारे अशा सगळ्यांच्याच प्रतिष्ठेला गंभीर इजा होते, असं तिथे म्हटलं आहे. माणूस दुसऱ्याच्या सुखाची आणि कमाईची वस्तू होतो. पडद्यावरची बाई राजीखुशीने तिथे आली की धाकाने, हे पाहणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. माझ्या मते सगळ्यात आधी याचाच विचार करायला हवा, पण आपण मात्र ‘मला काय झालं’ एवढंच बघत बसतो. अल्पवयीन मुलांचे व्हिडिओ असतील तर तो कायद्याने गुन्हा आहे. ते पाहणं आणि जवळ ठेवणं हाही गुन्हाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे.

याच ग्रंथातला 1735 वा परिच्छेदही वाचा. भीती, सवय, मनाची अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असं तो सांगतो. ती किती कमी झाली हे ठरवायला फादर आहेत. स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवू नका, आणि फासावरही चढवू नका.

मोबाइलचं आजच करा

कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, होईपर्यंत थांबू नका. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगला चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. साठवलेलं सगळं उडवा. मोह नेमका कधी होतो ते आठवून पाहा: भांडणानंतर, थकल्यावर, की घरात एकटं असताना? पुढे फादरांशी बोलताना हे उपयोगी पडतं.

कन्फेशनला जाताना

खरी अडचण इथेच येते. ‘फादर मला ओळखतात, रविवारी तोंड कसं दाखवू?’ मग ओळखीच्या फादरांकडे जाऊच नका. कुठल्याही अधिकृत फादरांकडे कन्फेशन करण्याची मुभा चर्चचा कायदाच देतो. ठाण्यात राहत असाल तर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून वाशीला जा. वाशीकरांनी ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला यावं. कन्फेशनची वेळ चर्चच्या ऑफिसात फोन करून आधी विचारून घ्या. जाळीआडून बोलायचं असेल तर तसं बोला.

आत गेल्यावर वाक्यं जुळवत बसायची गरज नाही. एवढं पुरे: ‘फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझं मागचं कन्फेशन दोन वर्षांपूर्वी झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा मी अश्लील व्हिडिओ पाहतो. लग्न झालेलं आहे.’ गंभीर पाप कोणतं आणि साधारण किती वेळा, हे सांगावं लागतं. काय पाहिलं याचं वर्णन करायचं नाही. ‘इंटरनेटवर थोडा वेळ वाया घालवतो’ अशी गोलमोल भाषा नको, ती बोलून मन हलकं होत नाही. फादर हे कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही. गुपित फोडणाऱ्या फादरांना चर्चची सगळ्यात कडक शिक्षा आहे.

‘पुन्हा पडणारच आहे, मग पश्चात्ताप खोटा नाही का?’ असं पुष्कळांना वाटतं. पुन्हा न करण्याचा निश्चय आज प्रामाणिक असावा, एवढीच अट आहे. उद्याची हमी कुणी मागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात पकडलेल्या बाईला येशू आधी सांगतो, मीही तुला दोषी ठरवत नाही. यापुढे पाप करू नको, हे त्यानंतर येतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी पूर्ण करा. आणि ज्यांना पाहिलं त्यांच्यासाठी रोज एक प्रार्थना म्हणा. चेहरा आठवला की प्रार्थना, अशी सवय लागली की नजर हळूहळू बदलते.

जोडीदाराशी

फादरांनी पापक्षमा दिली म्हणजे बायकोनेही माफ केलं, असं नाही. ती दुखावली गेली आहे, आणि तिला वेळ लागेल. रात्री एक वाजता सगळं तिच्यावर ओतू नका. कधी आणि किती सांगायचं ते आधी फादरांशी किंवा समुपदेशकाशी बोलून ठरवा. तिला मात्र आधीच कळलं असेल तर खोटं अजिबात बोलू नका. ‘सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा’ हे वचन तिच्या तोंडावर फेकणं तर फारच वाईट. ते आपल्याला आपल्या वागण्यासाठी सांगितलं आहे, दुसऱ्याकडून वसुली करण्यासाठी नाही. ‘मी तुला पुरेशी नव्हते का?’ असं तिने विचारलं तर स्वतःची बाजू मांडू नका, ऐकून घ्या.

पुन्हा पडलात तर

लगेच जा. ‘आता महिनाभर चांगलं राहून मगच जातो’ म्हणणारा सहसा वर्षभर जात नाही. शक्यतो त्याच फादरांकडे जा, म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही आणि त्यांनाही तुमची वाट दिसते.

खूप प्रयत्न करूनही हात आवरत नसेल, नोकरी किंवा संसार बिघडत असेल, तर डॉक्टरांकडेही जायला हवं. लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत आणि मराठीतून बोलता येतं. कन्फेशन आणि उपचार दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवा.