एन्झाइम आणि क्रिस्टलोग्राफीत पीएचडी: अर्जाआधीची तयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा: तुम्हाला रचना सोडवायची आहे (म्हणजे प्रोटीनच्या स्फटिकावर एक्स-रे टाकून त्यातले अणू कुठे आहेत ते काढायचं आहे), की एन्झाइम, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारं प्रोटीन, काम कसं करतं ते शोधायचं आहे? जाहिरातीत ‘प्रोटीन क्रिस्टलोग्राफी आणि एन्झाइम कॅटॅलिसिस’ असं एका दमात लिहिलेलं असतं, पण बऱ्याच लॅबमध्ये यातलं एक मुख्य असतं आणि दुसरं शोभेला. लायसोझाइमचंच बघा, जिवाणूंच्या भिंतीतली साखरेची साखळी तोडणारं एन्झाइम. १९६५ साली डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने त्याची रचना सोडवली. रचना कळलेलं ते पहिलं एन्झाइम. त्या रचनेवरून त्यांनी अभिक्रियेची जी यंत्रणा मांडली, तिच्यात मधल्या टप्प्यावर धनभारित आयन होता, आणि तीच यंत्रणा पाठ्यपुस्तकांत पुढे कित्येक वर्षं शिकवली गेली. २००१ मध्ये दुसऱ्या गटाने एक अमिनो आम्ल बदललेलं एन्झाइम आणि फ्लोरिन जोडलेली साखर वापरून अभिक्रिया मध्येच अडवली, तेव्हा मोकळ्या आयनाऐवजी साखर एन्झाइमच्या ५२व्या जागेवरच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाला सहसंयुजी बंधाने जोडलेली सापडली. म्हणजे रचना हातात येऊनही यंत्रणेचा निकाल लागायला ३६ वर्षं गेली. हे दोन्ही पेपर अर्जाआधी वाचून काढा. या विषयात प्रश्न कसा विचारतात हे त्यांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

मग वळा प्रोटीन डेटा बँकेकडे (पीडीबी), म्हणजे सोडवलेल्या रचनांच्या संग्रहाकडे. ती १९७१ पासून चालू आहे, सगळ्यांना मोफत आहे, आणि आज तिच्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत. ज्या लॅबमध्ये जायचं मनात आहे तिने जमा केलेली, सब्स्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं तो रेणू) किंवा इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारा रेणू) बसलेली एक रचना निवडा. इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशासकट उतरवून घ्या, कूट या रचना बघायच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि बघा: लिगँडभोवती (त्या बसवलेल्या रेणूभोवती) इलेक्ट्रॉन घनता खरंच आहे का, की लेखकांनी तिथे आशेने रेणू बसवलाय? व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये (रचनेच्या दर्जाच्या अहवालात) आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या डेटाशी मॉडेल किती जुळतं ते सांगणारा आकडा), रामचंद्रन प्लॉटच्या (साखळीच्या वळणांचे कोन शक्य आहेत का ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) बाहेर पडलेले अवशेष, म्हणजे अमिनो आम्लं, आणि अणूंच्या टकरी, तिन्ही तपासा. रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते, २ अँगस्ट्रॉम असेल तर हायड्रोजन दिसणार नाहीत. मग पेपरात ‘प्रोटॉन इथून तिथे जातो’ असं लिहिलं असेल, तर तो दावा कशाच्या जोरावर केलाय हे शोधा. यावर स्वतःसाठी एक पान टिपण लिहा. मुलाखतीत हे पान जितकं कामाला येईल तितकं तुमचं प्रगतिपुस्तक येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायनेटिक्सकडे, म्हणजे अभिक्रियेचे वेग मोजण्याकडे, स्फटिकवाले हमखास दुर्लक्ष करतात. सब्स्ट्रेटच्या प्रमाणानुसार वेग कसा बदलतो ते सांगणारं मायकेलिस-मेंटेन समीकरण १९१३ चं आहे आणि सगळ्यांना पाठ असतं; पण केकॅट (एन्झाइमच्या एका रेणूचा कमाल वेग) भागिले केएम (ज्या प्रमाणाला वेग निम्मा होतो ते सब्स्ट्रेटचं प्रमाण) ही संख्या नेमकं काय सांगते, असं विचारलं की निम्मे उमेदवार गडबडतात. पीएच बदलल्यावर वेग का बदलतो, आयसोटोप परिणामावरून (अणूच्या जागी त्याचा जड आयसोटोप घातल्यावर वेगात पडणाऱ्या फरकावरून) कुठल्या पायरीबद्दल काय कळतं, एवढं बोलता आलं पाहिजे. आणखी एक खोच: स्फटिक ज्या पीएचला वाढला त्या पीएचला एन्झाइम जेमतेम चालत असेल, तर त्या रचनेवरून यंत्रणा सांगताना जपून बोलावं लागतं. हा प्रश्न तुम्हीच समोरच्याला विचारलात तर फारच छान.

हाताच्या कामात ई. कोलाय या जिवाणूत प्रोटीन बनवणं, ते शुद्ध करायचे निकेल कॉलम आणि जेल फिल्ट्रेशन, आणि शुद्धता तपासायचं एसडीएस-पेज एकदा तरी स्वतः केलेलं असावं. स्फटिक वाढवायचा सराव लायसोझाइमवर करा. मीठ आणि ॲसिटेट बफरमध्ये त्याचे स्फटिक रात्रभरात येतात. एवढ्यावर हुरळून मात्र जाऊ नका, बाकीची प्रोटीन्स इतकी गुणी नसतात. शेकडो थेंब लावून हाती नुसता साका लागणं ही या कामातली रोजची गोष्ट आहे. संगणकाच्या बाजूला लिनक्सचं टर्मिनल, थोडं पायथन आणि सीसीपी४ किंवा फिनिक्स या रचना सोडवायच्या प्रोग्राम-संचांपैकी एकाचे सरावाचे धडे पुरे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा अल्फाफोल्ड हा प्रोग्राम आल्यापासून ‘आता स्फटिक कशाला?’ हा प्रश्न मुलाखतीत येतोच. अंदाजाने काढलेलं मॉडेल मॉलिक्युलर रिप्लेसमेंटसाठी, म्हणजे तयार मॉडेलच्या आधाराने नवी रचना सोडवायला, उत्तम चालतं. पण अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यात अणू अँगस्ट्रॉमच्या अंशाने कुठे सरकले, हे बघायला मोजलेला डेटाच लागतो, हे उत्तर उदाहरणासकट तयार ठेवा.

आता लॅबला विचारायचं. प्रोटीन कुठवर आलंय: जनुक नुसतं मागवलंय, शुद्ध प्रोटीन मिळतंय, की स्फटिक येऊन त्यांचं विवर्तनही (एक्स-रे विखुरून पडणारे ठिपके) मिळालंय? मिळालं असेल तर किती अँगस्ट्रॉमपर्यंत? सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) बीमटाइम, म्हणजे मोजमापाची वेळ, गटाला नियमित मिळतो, की दर वेळी नवा प्रस्ताव लिहावा लागतो? स्फटिक आलेच नाहीत तर दुसऱ्या वर्षी काय करायचं? क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं), कायनेटिक्स, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत मोजणं), काहीही असो, पण मार्ग ठरलेला हवा. ‘येतील हो स्फटिक’ एवढंच उत्तर आलं तर तो प्रकल्प नम्रपणे सोडा. टाइम-रिझॉल्व्हड प्रयोगांचं (अभिक्रिया चालू असताना रचना टिपण्याचं) आमिष दाखवलं जात असेल, तर एक्स-रे लेसरवर गटाने याआधी प्रत्यक्ष डेटा गोळा केलाय का, हे नक्की विचारा. अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत आणि तिथली वेळ मागणारे पुष्कळ. हेच सगळं त्या लॅबमधल्या दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळं विचारा, मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. गुणपत्रिका, दोन पानांचा सीव्ही, शिफारसपत्रं. शिफारस देणाऱ्यांपैकी एकाने तरी तुम्हाला पिपेट धरताना पाहिलेलं असावं. ईमेल छोटी ठेवा आणि तिच्यात त्या एक पानी टिपणातलं एकच निरीक्षण घाला, रचनेच्या पीडीबी क्रमांकासकट. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी विभागात प्रवेश आणि मग लॅब बदलत बदलत निवड होते. युरोपात बऱ्याचदा ठरलेल्या प्रकल्पासाठीच जागा निघते. त्यामुळे तिथल्या अर्जात प्रकल्पाचं नाव बदलून तेच पत्र सगळीकडे पाठवलंत, तर ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.