विमानाचं अंतर आणि वेळ: दोरा घ्या, पृथ्वीगोल घ्या

टोकियोहून लॉस एंजेलिसला विमानाने किती वेळ लागेल, असं वर्गात विचारलं की पोरांचे हात आधी मोबाइलकडे जातात. मी भूगोल शिकवतो, म्हणून म्हणतो, मोबाइल राहू दे. पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा आणा.

आधी गोलाच्या विषुववृत्तावर दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोरा साधारण ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. आता दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरून तो ताणा. टोकियो–लॉस एंजेलिस जवळपास पावणेएकवीस सेंटिमीटर येतं, म्हणजे ८,८०० किलोमीटर.

इथे गंमत बघा. दोन्ही शहरं ३४ ते ३६ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत, तरी ताणलेला दोरा वर सरकतो आणि मध्यावर ४७-४८ अंशांपर्यंत जातो. अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलात तर जवळजवळ ५०० किलोमीटर जास्त पडतात. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका, असं मी का ओरडतो ते यावरून कळेल.

अंतर हाती आलं की वेळ. मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने उडतात. मी ८५० धरतो आणि चढण्या-उतरण्यासाठी, धावपट्टीवरच्या रखडण्यासाठी अर्धा तास वर टाकतो. ८,८०० भागिले ८५० म्हणजे सुमारे १० तास २० मिनिटं. अर्धा तास मिळवून १० तास ५० मिनिटं. छोट्या अंतराला हा हिशेब लंगडतो, कारण विमान पुरतं वर जातं न जातं तोच उतरायला लागतं. तिथे ताशी ५०० च धरा.

मग वारा. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोतवारा वाहतो. त्यामुळे टोकियोहून लॉस एंजेलिसला साधारण १० तास लागतात, तर परत येताना साडेअकरा-बारा. लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासाला माझ्या आकड्यात तासभर इकडेतिकडे कराच. हिवाळ्यात वारा आणखी जोर धरतो.

दोऱ्याला राजकारण मात्र कळत नाही. २०२२ मध्ये युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत. म्हणून मार्ग कोणत्या देशांवरून जातो तेही बघा.

तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा स्थानिक असतात. आधी त्या जागतिक प्रमाणवेळेत आणा. टोकियो ९ तास पुढे, म्हणून तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे जागतिक वेळेचे सकाळचे ८. त्यात १० तास मिळवले की संध्याकाळचे ६. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे तिथे त्याच तारखेचे सकाळचे ११. निघालो त्याआधीच पोचलो! हिवाळ्यात मात्र ८ तास वजा करायचे, तेव्हा तारीख बघूनच हिशेबाला बसा.