जुनी बेसबॉल कार्डं जमवताय? या चुका टाळा

जुनं बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेलं संग्राह्य कार्ड, हातात आलं की आधी खेळाडूचं नाव वाचलं जातं, बेब रूथ, टाय कॉब, मिकी मँटल. मग मोबाइलवर किंमत शोधली जाते. कागदाकडे लक्ष जातं ते पैसे देऊन झाल्यावर. हा क्रम उलटा करा, बरीचशी फसवणूक तिथेच टळेल.

माप न घेता खरेदी

कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं १९५२ चं मँटल कार्ड, क्रमांक ३११. याची एक अप्रतिम प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला लिलावात गेली. पण टॉप्सनेच १९८३ मध्ये तो जवळजवळ सगळा संच पुन्हा छापला होता. मूळ कार्ड २⅝ बाय ३¾ इंचांचं आहे, पुनर्मुद्रित कार्ड २½ बाय ३½. साधी पट्टी लावली तरी फरक कळतो. ऑनलाइन घेताना कार्डाशेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा, मागच्या बाजूचाही. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर नाद सोडा.

आणि मँटलचं हे १९५२ चं कार्ड ‘रुकी कार्ड’, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, म्हणून कुणी गळ्यात मारू लागलं, तर त्याचं पहिलं कार्ड बोमन या दुसऱ्या कंपनीच्या १९५१ च्या संचातलं आहे, क्रमांक २५३, हे लक्षात असू द्या.

कडांवर भाळणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं वाटली, त्या संचाला संग्राहक टी२०६ म्हणतात. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा खेळाडू होनस वॅग्नर याचं कार्ड त्यातलं अतिशय दुर्मीळ आहे, कारण त्याची छपाई लवकर थांबली. त्याची सर्वांत गाजलेली प्रत एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडे होती. ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या, पीएसए कंपनीने तिला दहापैकी आठ गुण दिले. पुढे २०१३ मध्ये लिलाव व्यवसायातल्या बिल मास्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. एवढ्या नावाजलेल्या कार्डाची ही कथा, मग बाजारातल्या इतर कार्डांचं काय सांगावं!

म्हणून चेहरा मळलेला, पण कडा सुरीसारख्या सरळ असं कार्ड दिसलं की थांबा. त्याच संचातल्या साध्या, स्वस्त कार्डावर ते ठेवून माप जुळतंय का बघा. दहापट भिंगही जवळ ठेवा. टी२०६ वर खेळाडूचं नाव सलग शाईत उमटलेलं असतं. फोटोवरून काढलेल्या नकलेत बहुधा तीच अक्षरं बारीक रंगीत ठिपक्यांत फुटतात. अतिनील टॉर्चखाली आधुनिक कागद बरेचदा निळसर चमकतो, शंभर वर्षांपूर्वीचा तसा चमकत नाही.

तुम्ही स्वतः मात्र कात्री, खोडरबर, इस्त्री यांतलं काहीही कार्डाला लावू नका. गोल झालेले कोपरे असू द्या. छेडछाड उघड झाली की कार्डाला आकडी ग्रेड मिळत नाही, फार तर ‘अस्सल’ एवढाच शेरा मिळतो.

प्रत्येक छापील चूक म्हणजे दुर्मीळ, हा समज

१९५७ च्या टॉप्स कार्डावर उजव्या हाताने खेळणारा हँक अॅरन डावखुरा दिसतो. निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि टॉप्सने ती कधी सुधारलीच नाही, म्हणून सगळ्या प्रती तशाच आहेत. ‘एरर कार्ड’ म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही. टी२०६ मधल्या शेरी मॅगीच्या नावाचं स्पेलिंग मात्र लवकरच दुरुस्त झालं, त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगच्या थोड्याच प्रती उरल्या. किंमत असते ती अशा चुकीला.

शोधताना नावांची आणखी एक अडचण येते. पोर्टो रिकोच्या रॉबेर्तो क्लेमेंतेला टॉप्सने अनेक वर्षं कार्डावर ‘बॉब’ म्हटलं. दोन्ही नावांनी शोधा.

साठवण

रबरबँड नको, डिंकाने चिकटवणं नको, मऊ पीव्हीसीची अल्बमची पानंही नकोत. आधी पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकचं पाकीट, मग टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं असलेलं कडक प्लास्टिकचं आवरण. स्क्रू असलेली पेटी फार आवळली तर कार्ड दबतं. कार्डं मुंबईत किंवा कोकणात आणणार असाल तर पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात मात्र ठेवू नका, ओल आधी तिथेच येते.